व्याह्यांच्या दारात आवाज नको

एकदा एक वृद्ध मिस्तरी भर सकाळी बाजारपेठेच्या रस्त्याच्या मधोमध लोखंडी स्टूल टाकून बसला. उजव्या डोळ्यावर ऑपरेशनची हिरवी पट्टी, अंगात स्वच्छ धुतलेला सदरा, दोन्ही हात गुडघ्यांवर. समोरून एक मोठी पांढरी गाडी येत होती आणि तो जागचा हलत नव्हता. लोक म्हणाले, म्हाताऱ्याचे डोके फिरले. असे म्हणायला लोकांना फारसा वेळ लागत नाही, हे आपण सर्व जाणतोच.

तो तसा का बसला हे कळण्यासाठी आदला दिवस सांगितला पाहिजे. या कथेत एक वृद्ध आहे, त्याचा शिष्य आहे आणि एक व्यापारी आहे. त्यांची नावे मी सांगणार नाही. अशी माणसे गावोगाव असतात. वाचणाऱ्याने आपल्या ओळखीची नावे घातली तरी माझी हरकत नाही. नाव फक्त एकाचे सांगणार आहे, कारण पुढे त्याच्या नावाचाच प्रश्न उभा राहणार आहे. तो त्या पांढऱ्या गाडीचा चालक होता. त्याचे नाव महिपती.

गाव घाटमाथ्यावरचे. बाजारपेठ संपली की उतार सुरू होतो आणि बावीस किलोमीटर खाली कोकण लागते. बाजारपेठेच्या शेवटी, उताराच्या तोंडाशी वृद्धाचे गॅरेज होते. सगळे त्याला वस्ताद म्हणत. चाळीस वर्षे त्याने एकच काम केले, ब्रेकचे. इंजिनाचे काम घेऊन कोणी आला तर त्याला तो समोरच्या गॅरेजकडे पाठवी. ब्रेकचे काम आले की मालकाला शेजारी उभे करी, त्याच्यासमोर चाक उघडी, आतला झिजलेला ब्रेक पॅड काढून त्याच्या तळहातावर ठेवी आणि म्हणे, "बघा. एवढ्याशा जाडीवर तुमचं घरदार घाटातनं खाली जातंय." मालकाचे बोट त्या पॅडवरून फिरले की पुढचे काही सांगावे लागत नसे.

घाट उतरणाऱ्या चालकांना त्याचे सांगणे ठरलेले होते. ज्या गिअरमध्ये चढता त्याच गिअरमध्ये उतरा. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करू नका. पाय ब्रेकवर ठेवून बसू नका, ब्रेक तापतो आणि तापलेला ब्रेक पकडत नाही. ब्रेक ऑइल दोन वर्षांनी बदला, काळे पडलेले असेल तर आजच बदला. चालक मान डोलावत. त्यांतले निम्मे पहिल्याच उतारावर गाडी न्यूट्रल करीत.

आपल्याकडे दसऱ्याला गाडी धुतात, तिला झेंडूचा हार घालतात, बॉनेटवर हळदीकुंकवाची बोटे ओढतात, चाकाखाली लिंबू ठेवून ते चिरडतात. त्या चाकाच्या आत काय उरले आहे हे मात्र वर्षानुवर्षे कोणी वाकून पाहत नाही. मला या भक्तीचा फार राग येतो. पण ते असो.

वस्तादाचा शिष्य तेहेतीस वर्षांचा होता. अकरा वर्षे त्याने गुरूच्या हाताखाली काढली होती आणि हात गुरूपेक्षाही चलाख झाला होता. आता त्याला स्वतःचे गॅरेज काढायचे होते. स्टँडजवळ जागा मिळाली होती, रंगाऱ्याने बोर्ड रंगवायला घेतला होता, दसऱ्याचा दिवस ठरला होता. नारळ फोडायला गावातला मोठा गूळ व्यापारी येणार होता. तो आला म्हणजे त्याच्या गाड्या आल्या, त्याच्या गाड्या आल्या म्हणजे साऱ्या पेठेच्या गाड्या आल्या. शिष्याचे हे गणित चुकीचे नव्हते, हीच पंचाईत होती.

शुक्रवारी वस्ताद डोळ्याच्या ऑपरेशनसाठी तालुक्याला गेला. शनिवारी दुपारी महिपती त्या व्यापाऱ्याची गाडी घेऊन गॅरेजवर आला. महिपती अठ्ठेचाळीस वर्षांचा, वीस वर्षे त्याच मालकाकडे. खाली उतरताच म्हणाला, "मिस्तरी, दोन म्हैने झालं, ब्रेक दाबला की गाडी किंचाळती. शेठला रोज सांगतोय. आज एकदाचं 'जा' म्हनलं." एवढे सांगून तो पायीच निघाला. मालकाच्या मुलाचा उद्या साखरपुडा होता आणि त्याची ताटे सजवायला दिली होती, ती आणायची होती.

शिष्याने पुढची चाके उघडली. चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती, आणि तिला दोन्ही बाजूंनी धरून थांबवणारे पॅड, अशी ती रचना असते. पॅड जवळजवळ संपले होते. बनवणाऱ्याने पॅडला पत्र्याची एक बारीकशी जीभ लावलेली असते. पॅड झिजला की ती जीभ चकतीला टेकते आणि किंचाळते, एवढ्यासाठीच ती लावलेली असते. ती किंचाळली की गाडीला काही झालेले नसते. काही होऊ नये म्हणून ती बोंबलत असते. ब्रेक ऑइलही काळे पडले होते. आणि त्या गाडीचे पॅड गावात नव्हते, शहरातून सोमवारी येणार होते.

तेवढ्यात व्यापारी स्वतःच तिथे येऊन उभा राहिला. पाहुण्यांच्या यादीचा कागद हातात होता.

"झालं का?"

"शेठ, पॅड संपल्यात. सोमवारी नवं येतील. तवर गाडी घाटात न्हेऊ नका."

"उद्या बारा पस्तीसचा मुहूर्त हाय," व्यापारी म्हणाला. "खाली व्याह्यांची पन्नास माणसं दारात उभी असणार, फोटोवाला असणार. आणि माझी गाडी किंचाळत जाऊन उभी ऱ्हाणार? लोक म्हणतील, गाडी मागून आणली काय. व्याह्यांच्या दारात आवाज नको. तेवढा बंद कर बघू."

"आवाज म्हंजे, शेठ..."

"आजपतोर थांबली का न्हाई गाडी?"

"थांबली की."

"मग उद्याबी थांबंल. तुझ्यानं होत नसंल तर तसं सांग, समोरच्याकडं न्हेतो." आणि जाता जाता वळून हसत म्हणाला, "बोर्ड झाला का रं रंगवून? नारळ मीच फोडणार, ध्यानात हाय न्हवं?"

शिष्याने पक्कड उचलली. चारही पॅडच्या चार जिभा मोडल्या, पॅडवरून पॉलिश पेपर फिरवला, चाके बसवली. दहा मिनिटांचे काम. गाडी पुढेमागे करून पाहिली; कसलाही आवाज नाही. हात स्वच्छ, काम सफाईदार. शिकलेल्या माणसाने केलेले वाईट काम नेहमीच सफाईदार असते.

संध्याकाळी महिपती गाडी न्यायला आला. त्याने बाजारपेठेत एक चक्कर मारली, तीनदा ब्रेक दाबला आणि लहान मुलासारखा खूश होऊन परतला. "लोण्यागत थांबती की! पॅड नवं घातलं न्हवं?"

शिष्य हात पुसत होता. तो म्हणाला, "काम झालंय, दादा."

खोटे बोलला असे म्हणता येणार नाही. काम खरोखरच झाले होते.

रविवारी सकाळच्या पहिल्या गाडीने वस्ताद परत आला. डॉक्टरांनी घरी पडून राहायला सांगितले होते, म्हणून तो थेट गॅरेजमध्ये गेला. एका डोळ्याने नीट दिसत नव्हते, तेव्हा त्याने सवयीने कामाच्या फळीवरून हात फिरवला. बोटांना पत्र्याचे बारीक तुकडे लागले. एक, दोन, तीन, चार. चिमटीत धरून त्याने मोडलेली कड चाचपली. कड धारदार होती. झिजून पडलेला तुकडा असा नसतो.

"ह्या कुणाच्या?"

शिष्याने फळीकडे पाहिले. मग म्हणाला, "शेठच्या गाडीच्या."

"आणि पॅड?"

"सोमवारी येणार हायती."

"आणि गाडी?"

"आज खाली चाललीया. साखरपुड्याला."

"फोन लाव."

शिष्याने खिशातून फोन काढला, त्यावरचे व्यापाऱ्याचे नाव शोधले, नावाकडे पाहिले आणि फोन पुन्हा खिशात ठेवला. "आता निघालं असतील, वस्ताद. गाडीत बायकामाणसं हायती, उगा घाबरतील. मी सोमवारी..."

पेठेच्या वळणावरून हॉर्न ऐकू आला. घाटाकडे जायला दुसरा रस्ता नव्हता. वस्ताद उठला, बसायचे स्टूल उचलले, आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन बसला.

गाडी त्याच्यापासून चार हातांवर थांबली. सपाट रस्त्यावर, बेताच्या वेगाला संपलेले पॅडसुद्धा गाडी थांबवतात. माणसे फसतात ती यामुळेच.

व्यापाऱ्याने काच खाली केली. डोक्याला फेटा, कपाळाला गंध. मागे त्याची बायको, बहीण आणि नवरामुलगा, मांडीवर शेला घातलेली ताटे. "वस्ताद, हे काय मांडलंय?"

"शेठ, गाडीचं ब्रेक संपल्यात," वस्ताद बसूनच म्हणाला. "ते सांगणारा आवाज ह्येनं मोडून काढलाय. जरा वेळ द्या. चाक काढतो, पॅड तुमच्या हातावर ठेवतो. बघून मग जायाचं तर जावा."

"संपल्यात? आत्ता तुमच्या म्होरंच थांबली की गाडी!"

चहाच्या टपरीवरची माणसे हसली. व्यापाऱ्याला जोर आला. "आणि एका डोळ्यानं बसल्या जागी ब्रेक बघितलासा व्हय? मुहूर्त टळला तर व्याह्यांस्नी काय सांगू, वस्तादांचं स्टूल आडवं आलं?"

पुन्हा हशा झाला. वस्तादाने मान वळवली आणि गॅरेजच्या दाराशी उभ्या असलेल्या शिष्याकडे बोट केले. "मला न्हाई. ह्येला इचारा."

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. टपरीवाला होता, समोरच्या गॅरेजचा मालक होता, बोर्ड रंगवणारा रंगारी हातात ब्रश घेऊन उभा होता. व्यापारी म्हणाला, "काय रं? सांग बाबा तू."

शिष्याच्या तोंडात खरे वाक्य तयार होते. चार शब्दांचे होते: होय, मी मोडल्या जिभा. ते वाक्य ओठांपर्यंत आले, त्याने रंगाऱ्याच्या ब्रशकडे पाहिले, आणि वाक्य परत आत गेले. त्याऐवजी तो नम्रपणे म्हणाला, "वस्तादांना ऑपरेशनमुळं अजून नीट दिसत न्हाई, शेठ. काम व्यवस्थित झालंय."

अकरा वर्षांत त्याने गुरूला उलट उत्तर दिले नव्हते. हेही उलट उत्तर नव्हतेच. आवाजात आदर होता, काळजी होती. कोणाही परक्याला वाटले असते, किती गुणी शिष्य.

"ऐकलं?" व्यापारी म्हणाला. "महिपती, उठव त्यांना. हळू उठव, ऑपरेशन झालंय."

महिपती खाली उतरला. त्याने वस्तादाला दंडाला धरून उठवले, स्टूल कडेला नेऊन ठेवले, आणि त्याला त्यावर बसवले. पण तो लगेच गाडीकडे गेला नाही. तो शिष्याजवळ आला आणि कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाला, "मिस्तरी, शेठचं जाऊ दे. मला सांग. चालवायची मला हाय. जाऊ न्हवं मी?"

इथे हसणारे कोणी नव्हते, ऐकणारेही कोणी नव्हते. एक माणूस दुसऱ्याला आपल्या जिवाविषयी विचारत होता, एवढेच होते. शिष्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बिनघोर जा, दादा."

"महिपती!" व्यापारी ओरडला. "गाडी चालवतोस का दुसरा कोण बघू?"

जाताना वस्तादाने त्याचे मनगट धरले. "दुसऱ्या गिअरात उतर. काय झालं तरी वरचा टाकू नगंस. पायाला मऊ लागलं तर दरीकडं बघू नगंस. डोंगर धर."

"व्हय, वस्ताद," महिपती म्हणाला, आणि गाडी उताराला लागली.

पुढचे नवऱ्यामुलाने सांगितलेले आहे. महिपती दुसऱ्या गिअरमध्येच उतरत होता. मुहूर्ताला उशीर होईल म्हणून व्यापारी सारखा मागे लागला, "तिसरा टाक की, बैलगाडी हाय का ही?" चार वळणे महिपतीने दाद दिली नाही. पाचव्याला व्यापाऱ्याने नोकरीची आठवण करून दिली. मग त्याने तिसरा टाकला. त्यानंतर प्रत्येक वळणावर ब्रेक दाबावा लागला, ब्रेक तापला, जळका वास येऊ लागला, आणि अकराव्या वळणावर पेडल पायाखाली मऊ पडून तळाला गेले. महिपती ओरडला नाही. त्याने गिअर खाली ओढला, हँडब्रेक हळूहळू वर घेतला, एक वळण काढले, दुसरे काढले. तिसऱ्याला वेग आवरेना. दरी डाव्या हाताला होती आणि डोंगर उजव्या. त्याने गाडी उजवीकडे घातली. आपल्या देशात चालक कोणत्या बाजूला बसतो, हे मी वाचकांना सांगायला नको.

व्यापाऱ्याचा हात मोडला. त्याच्या बायकोच्या दोन बरगड्या पिचल्या. बहिणीला आणि मुलाला खरचटण्यावर निभावले. महिपती अँब्युलन्स येईपर्यंत राहिला नाही.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आले: चालकाचा ताबा सुटल्याने मोटार डोंगरावर आदळली. आत दोन ओळी आणखी होत्या. जखमी व्यापाऱ्याने सांगितले की गाडीचे ब्रेक आदल्याच दिवशी अनुभवी मिस्तरीकडून दुरुस्त करून घेतले होते, आणि निघताना त्या मिस्तरीने चारचौघांत तशी ग्वाही दिली होती. पोलिसांनी गुन्हा नोंदवला. हयगयीने व अविचाराने वाहन चालवून स्वतःच्या मृत्यूस व इतरांच्या दुखापतीस कारणीभूत झाला म्हणून, महिपतीवर. मेलेल्या माणसावर गुन्हा नोंदवायला कोणाची ना नसते.

तिसऱ्या दिवशी शिष्य महिपतीच्या घरी सांत्वनाला गेला. ओसरीवर महिपतीचा बाप बसला होता, निवृत्त एसटी ड्रायव्हर. एकतीस वर्षे त्याने हाच घाट चढउतार केला होता आणि कधी कोणाला साधे खरचटूही दिले नव्हते. महिपतीला गाडी शिकवली होती ती त्यानेच. लोक येत होते, बसत होते, आणि म्हातारा मान वर करत नव्हता. मुलगा गेल्याचे दुःख माणूस चारचौघांत रडून काढतो. हा माणूस लाजत होता. शिष्याचा आवाज ओळखून तो म्हणाला, "ब्रेक तर चांगलं व्हतं म्हंत्यात. तुमीच केल्तं न्हवं? मग माझ्याच पोराचा हात चुकला. गाडीतल्या बायकामाणसांचं काय झालं असतं... मी शिकवला त्येला. माफ करा म्हणावं शेठना."

शिष्य तिथे पाच मिनिटेही बसू शकला नाही. तो उठून थेट गॅरेजवर आला. शटर निम्मे खाली होते. वस्ताद आत अंधारात बसला होता. रविवारपासून त्याने एकही चाक उघडले नव्हते. शिष्याची अपेक्षा होती की तो शिव्या देईल, निदान हाकलून देईल. वस्ताद काहीच बोलला नाही, तेव्हा शिष्याचाच धीर सुटला आणि तो भलतेच बोलून गेला.

"वस्ताद, तुम्ही रस्त्यात बसला कशाला? चाकातली हवा सोडली असती तर? गाडी तिथंच बसली असती. म्हैपतीदादा वाचला असता!"

वस्तादाने मान हलवली.

"खिशात टोच्या व्हता," तो म्हणाला. "सुचलंबी व्हतं. गाडी थांबली तवा चाक माझ्या हाताच्या अंतरावर व्हतं. पर म्हनलं, ह्येला अकरा वरसं शिकवलंय. सगळ्यांच्या देखत इचारलं तर एक वाक्य खरं बोलंल. ते बोलला, तर जन्मभर पुन्हा कुणाची जीभ मोडणार न्हाई. मी तुझ्यावर भरवसा ठेवला आणि भोगलं महिपतीनं. तुझ्याएवढाच मीबी गुन्हेगार हाय."

शिष्य खाली बसला आणि शनिवारी दुपारपासून संध्याकाळपर्यंत काय काय घडले ते त्याने सांगून टाकले.

"तुला ब्रेक लावायचं शिकवलं," वस्ताद पुढे म्हणाला, "पर कधी लावायचा ते तुझ्या डोक्यात शिरलं न्हाई. वळणात ब्रेक दाबायचा नसतो. वळणाआधी दाबायचा, रस्ता सरळ असतो तवा. तवा पाय नुसता ठेवला तरी भागतं. शनिवारी पक्कड हातात व्हती तवा तुझा रस्ता सरळ व्हता. 'न्हाई करत' एवढं म्हणायचं व्हतं. फार तर शेठ रुसला असता. सांजचं महिपतीनं इचारलं तवा उतार लागला व्हता. तरीबी जमलं असतं. फोन हातात घेतलास तवा वेग वाढला व्हता. आणि बाजारात सगळे बघत व्हते ते वळण. दर खेपेला तू म्हनलास, म्होरं बघू. म्होरं दरी असती, लेका. उशिरा लावलेला ब्रेक लई जोरात लावावा लागतो, म्हणून मग माणूस लावतच न्हाई."

रस्त्यावरून एक ट्रक घाटाकडे गेला. उतारावर त्याने गिअर बदलल्याचा आवाज आला आणि दोघांनीही नकळत तिकडे कान दिला.

"आता काय करू, वस्ताद?"

"महिपती गेला. त्याला आता काय करतोस?" वस्ताद म्हणाला. "पर त्याचं नाव अजून घसरतंय. रोज थोडं थोडं खाली चाललंय. त्याला तरी ब्रेक लाव."

शिष्य चौकीवर गेला. हवालदार भला माणूस होता. त्याने त्याला चहा पाजला आणि समजावले. "अरे, मेलेल्याला कोण शिक्षा करतंय? कागद आहे, बंद होऊन जाईल. तू जबाब दिलास तर तू अडकशील, शेठ अडकतील, सगळ्यांना ताप. कुणाचं भलं होणार आहे त्यात?" शिष्य म्हणाला, "लिवून घ्या." ते तीन तास चालले. पक्कडीपासून बाजारातल्या वाक्यापर्यंत आणि त्या खांद्यावर ठेवलेल्या हातापर्यंत सगळे त्याने सांगितले. शेवटी त्याने जबाबाची नक्कल मागितली.

वर्तमानपत्राने ती बातमी छापली नाही. व्यापाऱ्याने सांगितले की मिस्तरी लोक वेळ आली की असेच उलटतात. दसऱ्याला नवे गॅरेज उघडले नाही आणि पुढे शिष्यावर खटला उभा राहिला. पेठेतल्या लोकांनी त्याला मूर्खात काढले. मोडल्या हाताने साखरपुडा उरकलेल्या व्यापाऱ्याला मात्र कोणी मूर्ख म्हटले नाही. खरे बोललेल्या माणसाची पाठ थोपटली जाते असे ज्यांना वाटत असेल, त्यांनी ही गोष्ट इथेच वाचायची थांबवावी.

जबाब दिला त्याच दिवशी शिष्य तो कागद घेऊन महिपतीच्या घरी गेला. ओसरीवर म्हातारा तसाच बसला होता. महिपतीची बायको दारात तांदूळ निवडत होती. शिष्य उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. "आबा, एक कागद आणलाय."

"वाच," म्हातारा म्हणाला. "मला अक्षर लागत न्हाई आता."

शिष्याने उभ्यानेच वाचला. पॅड संपल्याचे वाचले, जिभा मोडल्याचे वाचले, महिपतीने दोनदा विचारले आणि आपण दोन्हीदा फसवले ते वाचले. तांदूळ निवडणारा हात थांबला. तिने वर पाहिले. कागद संपला तेव्हा म्हाताऱ्याने प्रथमच मान वर केली. डोळे कोरडे होते.

"दुसऱ्या गिअरात उतरत व्हता?"

"व्हय, आबा. शेठच्या पोरानं सांगितलंय. शेठनी भाग पाडलं म्हणून तिसरा टाकला."

"आणि पेडल गेल्यावर?"

"दोन वळणं काढली त्यांनी. गिअरवर आणि हँडब्रेकवर."

म्हाताऱ्याचा उजवा हात मांडीवर किंचित हलला. नसलेला गिअर त्याने मागे ओढला, आणि दोन वळणे मनात काढून पाहिली. एकतीस वर्षे घाट चालवलेल्या माणसाला त्या वळणांचा अर्थ सांगावा लागत नाही.

"म्हंजे हात चुकला न्हवता त्येचा."

"न्हाई, आबा."

म्हाताऱ्याने शिष्याला शिवी दिली नाही, बस म्हटले नाही, जा म्हटले नाही. त्याने भिंतीला पाठ टेकली, रविवारपासून पहिल्यांदा ताठ बसला, आणि म्हणाला, "परत वाच."

शिष्याने कागद उलटून पहिल्या पानावर आणला आणि वरच्या ओळीपासून, आपल्या स्वतःच्या नावापासून, पुन्हा वाचायला सुरुवात केली.